साहेब, आधी छज्जा, मग काच

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक बांधकाम विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : सरकारी इमारतींत रंग बदलणारी काच वापरण्याबाबत

महोदय,



ऊन चढले की आपोआप निळसर-काळी होणारी आणि आभाळ भरून आले की पुन्हा पारदर्शक होणारी काच आता आपल्याकडेही विकायला येऊ लागली आहे. तिची चित्रफीत पाहिली की कोणीही भुलावे. पडदे नाहीत, झडपा नाहीत, बाहेरचे दृश्य कायम, वर विजेच्या बिलात बचत. उद्या एखाद्या जिल्ह्याच्या नव्या प्रशासकीय भवनाचे सादरीकरण तुमच्यापुढे होईल, तेव्हा ‘हरित इमारत’ या स्लाइडवर ही काच असणार, हे मी आजच सांगून ठेवतो. त्या सादरीकरणाआधी हे पत्र तुमच्या टेबलावर पोचावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मी पेशाने वास्तुरचनाकार आहे. या काचेशी माझे वैर नाही; तिच्यामागचे विज्ञान अस्सल आहे. माझी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. इमारतीची भिंत काढायची, तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच लावायची, आणि कोणी उन्हाबद्दल विचारले की ‘काच स्मार्ट आहे’ म्हणून मोकळे व्हायचे. खासगी बिल्डरने स्वतःच्या पैशांनी हे केले तर बिल भाडेकरू भरतो. सरकारी इमारतीत ते आपण सगळे भरतो, आणि पुढची पन्नास वर्षे भरतो.

आधी ही काच नेमकी काय करते ते पाहू. तुम्ही बोइंग ड्रीमलायनरने प्रवास केला असेल, तर तिची चुलत बहीण हाताळलेली आहे. एअर इंडियाकडे ही विमाने २०१२पासून आहेत. त्यांच्या खिडकीला खाली ओढायची झडप नसते, एक बटण असते. ते दाबले तरी काच लगेच काळी होत नाही, सावकाश निळी होत जाते. मग शेजारचा प्रवासी बटण बिघडले समजून पुन्हा पुन्हा दाबत बसतो. विमानात हे काम दोन पापुद्र्यांमधली जेल करते. इमारतीच्या काचेत त्याऐवजी अतिशय पातळ घन थर असतात. एक टंगस्टन ऑक्साइडचा, समोर बहुधा निकेल ऑक्साइडचा, मधे लिथियमच्या आयनांना ये-जा करू देणारा, आणि दोन्ही बाजूंना वीज वाहून नेणारे पारदर्शक लेप. जेमतेम पाच व्होल्टच्या आतला दाब दिला की आयन टंगस्टनच्या थरात शिरतात आणि काच निळी होते. दाब उलटा केला की ते परत फिरतात आणि काच निवळते. टंगस्टन ऑक्साइडचा हा गुण सत्येन देब या शास्त्रज्ञाने अमेरिकेत १९६९मध्ये दाखवून दिला. म्हणजे कल्पना अर्ध्या शतकाहून जुनी आहे. खिडकीएवढ्या मापात ती परवडेल अशी करणे, हे काम अजून चालू आहे.

चांगल्या प्रतीच्या अशा काचेतून स्वच्छ अवस्थेत ६० टक्के प्रकाश आत येतो आणि पूर्ण गडद अवस्थेत १ टक्का. उष्णतेचा हिशेब आपल्या धंद्यात एसएचजीसी या आकड्याने मांडतात: काचेवर पडलेल्या उन्हातला किती हिस्सा उष्णता होऊन आत उतरतो, तो हा आकडा. साध्या सहा मिलिमीटर काचेचा ०.८२च्या आसपास. या काचेचा स्वच्छ असताना ०.४१, गडद असताना ०.०९. मोठ्या तावदानाला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, कधी जास्तही. वीज लागते ती मुख्यतः रंग बदलताना, आणि तीही नगण्य.

एक बाब मात्र चित्रफितीत दाखवत नाहीत. गडद झालेली ही काच ऊन परतवत नाही, ऊन पिते. साहजिकच ती स्वतः तापते. म्हणून लेप बाहेरच्या काचेवरच घ्यावा लागतो, तिच्यामागे हवेची किंवा वायूची पोकळी आणि मग आतली काच. आपल्या भाषेत डीजीयू. कोणी पैसे वाचवायला एकेरी काचेवर असा लेप सुचवला, तर कर्मचाऱ्याच्या खुर्चीशेजारी एक मोठा थोरला तवा उभा राहील.

आता निविदेतली पहिली गोम. बाजारात जाऊन ‘स्मार्ट ग्लास’ मागा, तुमच्या हातात बहुतेक वेळा भलतीच काच पडेल. डॉक्टरांच्या तपासणी कक्षात, हॉटेलच्या न्हाणीघरात, कंपन्यांच्या मीटिंग रूममध्ये बटण दाबताच दुधी होणारी काच तुम्ही पाहिली असेल. ती पीडीएलसी. वीज चालू असेपर्यंत पारदर्शक, बंद केली की दुधी. ती आडोशासाठी आहे, उन्हासाठी नाही. दुधी काच प्रकाश विखुरते, फारसा अडवत नाही. उष्णता बरीचशी आत येतेच. शिवाय दिवसभर बाहेरचे दिसायला हवे असेल तर दिवसभर वीज चालू ठेवा. काचेवर चिकटवायची तिची फिल्मही मिळते, आणि खऱ्या रंग बदलणाऱ्या काचेच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त असते. बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या परिमाण-यादीत, नुसते ‘स्मार्ट ग्लास, प्रति चौ.मी.’ असे लिहिले, की एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा निविदाकार, कोण येणार आणि तो काय लावून जाणार, हे तुमच्या शाखा अभियंत्याला मी सांगायला नको.

पण समजा, खरी काच आली. ती लावायची कुठे? या प्रश्नाचे उत्तर काचेच्या कारखान्यात नाही. ते आकाशात आहे.

पुणे साडेअठरा अंशांवर, मुंबई एकोणीस अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. शाळेतली मुले शून्य सावलीचा दिवस म्हणून अंगणात उभी राहतात, तो याच कालावधीच्या दोन टोकांना येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला दुपारचे ऊन लागतच नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी पुण्यात दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा खाली १.८ मीटर सावली धरतो, आणि ती सावलीची रेघ दिवसभर जागची जवळजवळ हलत नाही. डिसेंबरात दुपारी हीच सावली दोन-सव्वादोन फुटांवर येते, पण डिसेंबरात थोडे ऊन आत आले तर कोणाची तक्रार नसते. सारांश, दक्षिणेच्या बाजूला पन्नास वर्षे जुना आरसीसीचा छज्जा जे काम फुकटात करतो, त्यासाठी वायर जोडलेली काच लावणे हा शुद्ध उधळेपणा आहे. उत्तरेला तर प्रश्नच किरकोळ आहे.

खरा शत्रू पश्चिमेला. एप्रिलच्या मध्यावर पुण्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून सव्वीसेक अंशांवर असतो आणि जवळजवळ थेट पश्चिमेला. तोच ६० सेंटिमीटरचा छज्जा तिथे जेमतेम फूटभर सावली देतो. बाकी सगळी खिडकी उघडी. पूर्वेला सकाळी हेच, पण सकाळी हवा थंड असते, इमारत रात्रभर निवलेली असते. पश्चिमेचे ऊन येते ते दिवसभर तापलेल्या इमारतीवर, आणि नेमके त्या वेळी, जेव्हा गावातले सगळे एसी एकदम चालू असतात.

हे तुमच्या खात्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्व कडेला उभे राहा. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी बांधलेले, १८७४मध्ये पूर्ण झालेले जुने सचिवालय, आज जिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे, त्याचे तोंड पश्चिमेला आहे. तेव्हा समोर समुद्र होता, वारा तिथूनच यायचा, म्हणून तोंड तिकडे. पण ऊनही तिथूनच येणार, पावसाची झडही. मग त्यांनी काय केले? सबंध दर्शनी बाजूला कमानींचे खोल व्हरांडे घातले. खोलीची खिडकी व्हरांड्याच्या मागे, सावलीत. त्याच रांगेत तुमच्याच खात्याची जुनी इमारत आहे, तीही पाहून घ्यावी. शंभर वर्षांनी चार्ल्स कोरिया यांना कंबाला हिलवर कांचनजंगा ही उंच इमारत बांधताना हाच पेच पडला. वारा आणि देखावा पूर्व-पश्चिमेला, ऊन आणि पाऊसही तिथूनच. १९८३मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीत त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत दुमजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच त्यांनी आकाशात नेला. दोघांच्याही हाताशी रंग बदलणारी काच नव्हती, हे खरे. पण असती तरी विल्किन्स साहेबाने व्हरांडा काढून टाकला असता, असे मला वाटत नाही. पक्षकार पावसात उभे कुठे राहणार?

आता एक हिशेब मांडतो. तुमच्या विद्युत शाखेकडून तपासून घ्यावा. पश्चिमेला तोंड असलेले कार्यालय, काच १० चौरस मीटर. एप्रिलच्या निरभ्र संध्याकाळी त्या उभ्या काचेवर चौरस मीटरमागे ५५० वॅट ऊन पडते असे धरू. एकूण साडेपाच किलोवॅट. साध्या काचेतून त्यातले साडेचार किलोवॅट आत येतात. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे सव्वा टनाचा एसी निव्वळ त्या खिडकीच्या सेवेला. ०.२७ एसएचजीसीची चांगली स्थिर काच लावली तर दीड किलोवॅट. रंग बदलणारी काच पूर्ण गडद केली तर अर्धा किलोवॅट. इथपर्यंत विक्रेता सांगतो आणि थांबतो.

पुढचा पर्याय मी सांगतो. काच १०ऐवजी ४ चौरस मीटर करा. बाकी भिंत. काच तीच, ०.२७वाली. बाहेरून अर्धे ऊन अडवतील अशा उभ्या पट्ट्या किंवा जाळी. आत येणारी उष्णता ०.३ किलोवॅट. सगळ्यांत कमी. भिंतीतून थोडी उष्णता येईल, पण नऊ इंची विटेच्या भिंतीतून ती पलीकडे पोचेपर्यंत कार्यालय सुटलेले असते. आणि मुख्य म्हणजे या खोलीत संध्याकाळी पाचला दिवा न लावता फाइल वाचता येते. काळ्याठिक्कर काचेच्या खोलीत १ टक्का प्रकाश येतो, म्हणजे छताचे एलईडी पॅनेल चालू.

दिव्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर. हिंजवडीच्या बाजूला एका कार्यालयात कामानिमित्त जावे लागते. सहाव्या मजल्यावर पश्चिमेची सबंध भिंत काचेची. जूनमधल्या ढगाळ दिवशी गेलो, तर सगळे रोलर ब्लाइंड्स खाली ओढलेले, छतावरचा प्रत्येक दिवा चालू. विचारले तर एकीने सांगितले, मार्चमध्ये स्क्रीनवर तिरीप यायची म्हणून ओढले होते. ते पुन्हा वर कोण करणार? ज्यांच्या खुर्च्या खिडकीशी, त्यांना उठायचा कंटाळा; ज्यांना उजेड हवा, त्यांच्या हाती दोरी नाही. कोपऱ्यातल्या एका ब्लाइंडच्या साखळीला कोणीतरी स्टेपलरची पिन मारून गाठ पक्की करून टाकली होती. एवढी मोठी काच बसवली ती उजेडासाठी आणि देखाव्यासाठी, आणि दोन्ही गोष्टींना मार्चपासून सुट्टी. शिवाय ब्लाइंड आतल्या बाजूला. पाहुणा घरात येऊन बसल्यावर दार लावून घ्यावे, तसा हा प्रकार. उष्णता तोवर काचेच्या अलीकडे आलेली असते.

रंग बदलणाऱ्या काचेचा खरा गुण मला इथे दिसतो, आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. ती आळस करत नाही. तिला सेन्सर सांगतो आणि ती निवळते. थंड देशांत तिचे कौतुक हिवाळ्यासाठी होते: ऊन आत येऊ द्यायचे, हीटरचा खर्च वाचवायचा. आपल्याला हीटर नाही, तेव्हा तो फायदा आपल्या वाट्याला येत नाही. विक्रेत्याच्या पत्रकात परदेशातली बचत छापलेली असेल तर ती आपल्या गणितात धरू नये. आपला फायदा पावसाळ्याचा आहे. कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते. उन्हाळ्याला घाबरून कायमची काळी काच बसवली की या चार महिन्यांत भर दुपारी दिवे लावावे लागतात. जी काच एप्रिलमध्ये गडद आणि ऑगस्टमध्ये स्वच्छ राहू शकते, ती आपल्या हवामानाला शोभते, यात शंका नाही. फक्त कोणी तरी पावसाळ्यातला दिव्यांचा वापर मोजून दाखवावा. आजवर मला कोणी एसीखेरीज दुसरे काही दाखवलेले नाही.

काळ्या काचेवरून आठवले. गाडीच्या काचेबाबत आपण किती काटेकोर आहोत पाहा. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश गेलाच पाहिजे, असा नियम. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली, आणि वाहतूक पोलीस चौकात उभे राहून फिल्म सोलून काढतात. ज्या काचेआड माणूस दिवसाचा एखादा तास बसतो तिला फौजदार. ज्या काचेआड तो आठ तास बसतो, तिच्याकडे भोगवटा प्रमाणपत्र देताना कोणी ढुंकून पाहतो का?

नियम आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७मध्ये आली, २०१७मध्ये सुधारली. १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी ती आहे. २०१७च्या आवृत्तीतल्या सरळ मार्गाने जायचे तर काचेचे प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांच्या आत, आणि आपल्या हवामानात उत्तर सोडून इतर दिशांना एसएचजीसी ०.२७च्या आत. काचेतून किमान २७ टक्के प्रकाश आत आला पाहिजे, हेही तीत आहे. म्हणजे आत अंधार करून उष्णता वाचवली असे म्हणता येत नाही. छज्जा किंवा उभ्या पट्ट्या असतील तर त्यांचे श्रेयही संहिता देते. पण दुसरा एक मार्ग आहे: सगळ्या इमारतीचे संगणकावर अनुकरण करून वर्षाचा एकूण वापर मर्यादेत दाखवायचा. हा मार्ग चांगल्या हेतूने ठेवलेला आहे. त्यातूनच काचेचा डोंगर आत शिरतो. संगणकातली स्मार्ट काच रोज वेळेवर काळी होते, वेळेवर निवळते, तिचा सेन्सर धुळीने भरत नाही, तिची वायर उंदीर कुरतडत नाही, आणि साहेबांनी ‘मला बाहेरचे दिसले पाहिजे’ म्हणून ती रिमोटने स्वच्छ करून ठेवली, असे तिथे कधी होत नाही. त्या आदर्श काचेच्या बचतीच्या बदल्यात ४० टक्क्यांची काच ७० टक्के होते. जेवढे वाचले, तेवढे दुसऱ्या हाताने उधळले.

माझी पहिली विनंती हीच. तुमच्या इमारतींपुरता एक साधा आदेश काढा: रंग बदलणाऱ्या काचेची बचत दाखवून काचेचे क्षेत्रफळ वाढवता येणार नाही. आधी काच कमी, मग सावली बाहेरून, मग जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे पश्चिमेला सरकवून पाहा. एवढे करूनही जिथे पश्चिमेची काच टळत नाही, तिथेच या काचेचा प्रस्ताव यावा. अशा जागा आहेत. रस्ता पश्चिमेलाच आहे आणि भूखंड अरुंद आहे. रुग्णालयातला अतिदक्षता विभाग, जिथे पडद्यांत धूळ आणि जंतू साठतात. नियंत्रण कक्ष, जिथे बाहेरचे सतत दिसले पाहिजे आणि डोळ्यांवर तिरीपही नको. तिथे ही काच लावा, मी स्वतः समर्थनाचे पत्र देईन.

दुसरी विनंती करारनाम्याबद्दल, आणि इथे थोडे थांबायला हवे. भिंत ही वस्तू आहे. ही काच म्हणजे वस्तू अधिक यंत्र अधिक सॉफ्टवेअर. प्रत्येक तावदानाला वायर, प्रत्येक मजल्याला नियंत्रक. कडांची जोडणी सैल झाली आणि ओल आत गेली की डीजीयू धुरकट होतो हे आपण साध्या काचेतही पाहतो. इथे त्याच कडेतून वायरही बाहेर येते. अमेरिकेत या धंद्यातली एक बडी कंपनी म्हणजे कॅलिफोर्नियातली व्ह्यू. २०२१मध्ये ती शेअर बाजारात आली. काचेच्या कडा बंद करण्याच्या सामग्रीत दोष निघाल्यामुळे पूर्वी बसवलेल्या काचा बदलून देण्याची वेळ तिच्यावर आली होती. त्या हमीपोटी येणाऱ्या खर्चातले सुमारे २.८ कोटी डॉलर तिने गुंतवणूकदारांना सांगितले नव्हते, असा ठपका तिथल्या बाजार नियामकाने जुलै २०२३मध्ये ठेवला. एप्रिल २०२४मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज केला आणि पुढे ती खासगी मालकीत गेली. काच वाईट होती असे मी म्हणत नाही. विकणाऱ्याचे आयुष्य इमारतीच्या आयुष्यापेक्षा लहान असू शकते, इतकेच म्हणतो. आपल्याकडे दोष दायित्व कालावधी संपला की ठेकेदाराची अनामत परत जाते. सातव्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचे एक तावदान अर्धे निळे, अर्धे पांढरे होऊन अडकले, तर तुमचा उपअभियंता कोणाला फोन करणार? तोच लेप, तीच छटा, तोच नियंत्रक दुसऱ्या कंपनीकडे मिळत नाही. म्हणून काचेची दहा वर्षांची हमी उत्पादकाकडून थेट खात्याच्या नावे घ्यावी, ठेकेदाराच्या मार्फत नको. प्रत्येक मापाची काही तावदाने सुटी घेऊन ठेवावीत. आणि वीज किंवा सॉफ्टवेअर गेले तर काच कोणत्या अवस्थेत थांबणार, हे निविदेतच लिहून घ्यावे. हा प्रश्न विचारल्यावर एका विक्रेत्याने मला आधी पाणी दिले.

तिसरी विनंती सगळ्यांत सोपी आहे आणि तिच्यासाठी धोरण लागत नाही. अमेरिकेत सरकारी इमारती सांभाळणारी जीएसए ही संस्था नवी काच सरसकट विकत घेत नाही. डेन्व्हरच्या फेडरल सेंटरमध्ये आणि टेक्सासमधल्या डोना येथील सीमा नाक्यावर तिने अशा काचा बसवून तज्ज्ञांकडून मोजून घेतल्या. आपणही तेच करू. तुमच्या ताब्यातल्या कुठल्याही एका इमारतीत पश्चिमेकडच्या, एकाच मजल्यावरच्या, सारख्या मापाच्या दोन खोल्या निवडा. एकीत रंग बदलणारी काच, पडदा नाही. दुसरीत ०.२७ची साधी डीजीयू आणि बाहेरून पट्ट्या. दोन्ही खोल्यांच्या एसीला वेगळे मीटर, दिव्यांना वेगळे मीटर; तेवढे विसरू नये, कारण पावसाळ्याचा निकाल दिव्यांच्या मीटरवरच लागणार आहे. मार्चमध्ये सुरुवात करा, म्हणजे कडक ऊन, पाऊस, ऑक्टोबर हीट आणि थंडी, चारही हाती येतील. बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकदा विचारा: डोळ्यांवर ऊन येते का, दिवा लागतो का, काच हाताने किती वेळा बदलली. आणि आकडे जसे येतील तसे, बरे असोत वाईट असोत, खात्याच्या संकेतस्थळावर टाका. दोन खोल्यांचा खर्च एखाद्या प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणाहून कमी येईल.

काच जिंकली तर तिचा दर दरसूचीत घाला, अटींसह. पट्ट्या जिंकल्या तर त्यांची बाब दरसूचीत ठळक करा. आज काचेच्या दर्शनी भागाचे अंदाजपत्रक एका दिवसात निघते आणि बाहेरच्या उभ्या पट्ट्यांसाठी मात्र दर विश्लेषण करत बसावे लागते, म्हणून कनिष्ठ अभियंता काचच लिहितो. मीटर बसवायला आणि महिनाअखेरीस आकडे उतरवायला माणूस कमी पडत असेल तर पुण्यापुरता मी येईन, मानधन नको. दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या तेवढ्या एकाच शिपायाकडे ठेवा.

आपला विश्वासू,
एक वास्तुरचनाकार, पुणे